सासरे गेले, कृषी कार्ड त्यांच्याच नावावर. भाताचे पैसे, बियाणं, पीएम किसान – आता पुढे काय करायचं?

शेतकरीण_डिचोली

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमचा गाव गोव्यात, डिचोली तालुक्यात. शेत दोन जागी. घरामागून पायवाटेने पाच मिनिटं उतरलं की सरदाचं, म्हणजे पावसाळी भाताचं शेत, १,९०० चौरस मीटर. तिथून खाली ओहोळाला लागून वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताचं शेत, १,२५० चौरस मीटर. सरदात ज्योती जातीचं भात लावतो, कारण घरात उकड्या तांदळाशिवाय कोणाचं पोट भरत नाही. वर्षाचं धान्य ठेवून उरलेलं भात विकतो.

शेतात मी आणि सासूबाई. नवरा कंपनीत शिफ्टला असतो, कापणीच्या वेळी रजा मिळाली तर येतो. सासरे शेवटची दोन वर्षं बांधावर बसून असायचे, पण पाणी कुठे फोडायचं, खत कधी मारायचं हे त्यांच्याच तोंडून. शिगमा झाला आणि आठव्या दिवशी ते गेले.

कृषी कार्ड, म्हणजे सवलती आणि आधारभूत दर मिळायला लागणारं कृषी खात्याचं कार्ड, त्यांचं. पीएम किसान त्यांचं. नोव्हेंबरात भात विकलं ते बिलही त्यांच्या नावाचं. मिलवाल्याने त्याचा भाव दिला, आधारभूत दरातला वरचा फरक सरकारकडून खात्यात यायचा होता. बिल जानेवारीतच भरलं होतं, ते गेले तोपर्यंत पैसे आले नव्हते.

जूनमध्ये सवलतीचं बियाणं आणायला गेले तर खिडकीवरच सांगितलं, कार्डधारक मयत आहे, या कार्डावर देता येत नाही. नवीन कार्ड करा. त्यासाठी काय लागतं विचारलं तर एक कागद हातात दिला, त्यात पहिलीच ओळ, एक-चौदाचा उतारा (आपल्या गोव्यातला सातबारा) अर्जदाराच्या नावाचा. तो माझ्या नावाचा कुठून येणार? रोहिण्या निघून गेल्या होत्या, मृग सुरू. मी साखळीच्या बाजारात पूर्ण पैसे मोजून बियाणं घेतलं आणि रोपांसाठी रोव टाकला.

त्यानंतर पावसातच सासऱ्यांच्या फोनवर मेसेज आला. त्यांचा फोन मी बंद केला नव्हता, नातेवाइकांचे फोन अजून त्यावर येतात. बघते तर पीएम किसानचे २,००० जमा. माणूस नाही आणि त्याच्या नावाने पैसे आले. नवरा म्हणतो एटीएम कार्ड आहे, काढून घेऊ, शेत तर आपणच करतो. सासूबाई म्हणतात त्या पैशाला हात लावायचा नाही. मला सासूबाईंचं पटतं, पण ते परत कुठे आणि कसे द्यायचे हे कळत नाही.

तर माझे प्रश्न. अडकलेल्या बिलाचे पैसे गेले का? नवीन कार्ड माझ्या नावावर होऊ शकतं का, की आधी सगळी वाटणी व्हायला हवी? आणि त्या २,००० रुपयांचं काय करायचं? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया लिहा.

---

निवृत्त_कृषी_साहाय्यक (फोंडा)

ताई, मी ३१ वर्षं याच कामात होतो. तुम्ही विचारलेल्या गोष्टी एकाच घरातल्या वाटतात, पण प्रत्येकीचा रस्ता निराळा आहे. एक करून बसलात आणि दुसरं आपोआप होईल असं धरलंत तर वर्ष जाईल.

आधी अडकलेलं बिल. आधारभूत दराच्या योजनेत सरकार भात विकत घेत नाही. तुम्ही ठरलेल्या ठिकाणी विकता, तिथला भाव आणि सरकारने ठरवलेला दर यातला फरक सरकार शेतकऱ्याच्या खात्यात घालतं. काजू, नारळ, सुपारीलाही हीच पद्धत. त्यामुळे बिलावरचं नाव, कार्डावरचं नाव आणि बँकेतलं नाव ही तिन्ही एक असावी लागतात. तुमच्या सासऱ्यांनी भात विकलं तेव्हा ते हयात होते, बिलही हयातीतच भरलं. ते पैसे त्यांचे, म्हणून आता वारसांचे. गेले असं मनात आणू नका. पण कृषी खातं आपणहून वारस शोधत येणार नाही. मृत्यूचा दाखला, बिलाची प्रत आणि जुन्या कार्डाची प्रत जोडून विभागीय कार्यालयात अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगून घरी येऊ नका. मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस आहे म्हणून सांगतो, पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही.

बँकेत सासऱ्यांच्या खात्याला नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लावलं होतं तेही बघा.

पीएम किसानचे २,००० आधी बाजूला ठेवा, काढू नका. सासूबाई बरोबर बोलल्या. ती मदत हयात लाभार्थ्याची, वर्षाला ६,००० तीन हप्त्यांत. मृत्यूनंतर आलेला हप्ता परत करायचा असतो. पीएम किसानच्या संकेतस्थळावर परताव्याची सोय आहे, ते जमत नसेल तर कृषी कार्यालयात लेखी कळवा, ते त्यांची पीएम किसानची नोंद बंद करून घेतील. आज उचललेत तर पुढे वसुलीची नोटीस वारसांनाच येते, आणि त्याच घरातून नवा अर्ज गेला की तो अडतो.

आता मुख्य. उतारा समोर घेऊन बसा आणि मला तीन गोष्टी सांगा. वर भोगवटादार म्हणून कोणाचं नाव आहे? कुळाच्या रकान्यात कोण आहे? आणि खाली चौदाच्या भागात, जिथे वर्ष, लागवड करणाऱ्याचं नाव, हंगाम आणि पीक लिहितात, तिथे शेवटची नोंद कुठल्या वर्षाची आहे? लोक वरचा भाग बघून उतारा घडी घालून ठेवतात. शेतात घाम गाळणाऱ्याचं नाव खालच्या भागात असतं, आणि तोच भाग बहुतेक उताऱ्यांवर कोरा दिसतो.

---

पेडण्याचा_झील

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी एक भर घालतो, कारण आम्ही यात वर्षभर फिरलो.

आईचे पीएम किसानचे तीन हप्ते आले नाहीत. ऑनलाइन स्थिती बघितली की पैसे जमा झाल्याचं दाखवायचं. पासबुकात काही नाही. बँकेत भांडलो, कार्यालयात भांडलो. शेवटी कळलं, हे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारवर जातात. आणि आधारला तुम्ही सगळ्यात शेवटी जे खातं या सरकारी पैशांसाठी जोडलं असेल तिकडे वळतात. आईने मोबाईलच्या दुकानात नवीन सिम घेतलं तेव्हा अंगठा दिला होता, त्याच वेळी तिच्या नावाने दुसरं एक खातं उघडलं गेलं होतं. सगळे ६,००० तिथे पडून होते. तिला खात्याचा पत्ताही नव्हता.

त्यामुळे नवीन माणसाच्या नावाने अर्ज करण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती बघा. त्यात कुठली बँक आहे ते दिसतं. नको ती असेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन फॉर्म भरा. नुसतं ‘आधार दिलंय खात्याला’ म्हणून चालत नाही. सरकारी पैसे याच खात्यात हवेत असं स्पष्ट सांगून संमती द्यावी लागते.

ताई, गृह आधारचे (गृहिणींसाठीच्या राज्य योजनेचे) पैसे तुम्हाला येत असतील तर ते ज्या खात्यात येतात तेच हे खातं असेल असं धरू नका. आमच्याकडे तीच चूक झाली.

---

शेतकरीण_डिचोली

दोघांचेही आभार. काका, तुम्ही सांगितल्यावर काल दोन्ही उतारे काढून आणले आणि पडवीत दिव्याखाली सासूबाईंना वाचून दाखवले.

सरदाचं शेत. भोगवटादार म्हणून सासऱ्यांचं नाव आहे. त्यांच्या वडिलांनी कुळाची सनद, म्हणजे कूळ मालक झाल्याचा कागद, घेतली होती, ती ट्रंकेत मिळाली, पिवळी पडलेली, पण शिक्का स्पष्ट आहे.

वायंगण. भोगवटादार भाटकार, म्हणजे जमीनदार. त्यांचं घराणं कधीचंच मुंबईला गेलं, गावातलं घर पडलं आहे. कुळाच्या रकान्यात सासऱ्यांच्या वडिलांचं नाव. सासऱ्यांचंसुद्धा नाही! म्हणजे सासरे आयुष्यभर ते शेत कसत होते आणि कागदावर ते नव्हतेच.

आणि चौदाचा भाग दोन्हीकडे कोरा. वर्ष नाही, नाव नाही, पीक नाही. जमिनीच्या प्रकारात ‘भातशेती’ एवढं लिहिलं आहे, ते कोण पिकवतं त्याचा एक शब्द नाही. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या शेतात उभ्या आहेत. त्यांना मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हणजे कागदाला वाटतं शेत आपोआप पिकतं?’ मला रात्रभर झोप आली नाही.

आणखी एक. नवऱ्याचा कंपनीत टॅक्स कापला जातो. त्यामुळे पीएम किसान आम्हाला मिळेल का? आणि मला दोन नणंदा आहेत, दोघी लग्न झालेल्या, एक म्हापशाला, एक बेळगावला. त्यांचीही सही लागेल का?

---

निवृत्त_कृषी_साहाय्यक (फोंडा)

नणंदांची सही लागेल, आणि लागायलाच हवी. आपल्या गोव्यात मुलगी आणि मुलगा यांचा वाटा सारखा. जावयांचीही सही मागतात, कारण लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते.

पण त्याच कायद्याने तुमच्या घरात एक माणूस सगळ्यात पुढे आहे, तिच्याकडे तुम्ही बघितलंच नाही. तुमच्या सासूबाई. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर सासऱ्यांच्या हयातीतच अर्धी मालमत्ता त्यांची होती. ती त्यांना वारसाने मिळत नाही, ती त्यांचीच आहे. वारसांत वाटली जाते ती उरलेली अर्धी.

आता पीएम किसान. तिथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. तुमचा नवरा आयकर भरतो, म्हणून तुम्ही दोघं बसत नाही. सासूबाई तुमच्या त्या कुटुंबात येत नाहीत. त्यांना स्वतःला सरकारी नोकरी नाही, महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन नाही, त्या आयकर भरत नाहीत. त्या पात्र आहेत. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झाली तर चालत नाही असा नियम आहे खरा, पण जमीनधारक वारल्यामुळे वारसाने नाव चढलं तर त्याला सूट आहे. मात्र हे सनदेच्या सरदाच्या शेतापुरतं. वायंगणात वर भाटकाराचं नाव आहे, त्यावर पीएम किसान होणार नाही.

मार्ग असा. उपनिबंधकांकडे वारसा दस्त करा, ज्याला सगळे सक्सेशन डीड म्हणतात. माहितगार साक्षीदार लागतील, गावातले जुने लोक न्या. त्याची जाहिरात निघते, ३० दिवस हरकतीची वाट बघतात. मग ते घेऊन मामलेदारांकडे म्युटेशनचा (फेरफाराचा) अर्ज. याला वेळ लागतो. तोवर कृषी कार्डाचा अर्ज थांबवू नका. सगळ्या वारसांचं संमतीपत्र आणि शेत प्रत्यक्ष कोण कसतं याचा तलाठ्यांचा दाखला जोडून तो आताच द्या. माझ्या अनुभवात एवढ्यावर बरीच कार्डं झाली आहेत.

आणि वायंगणाच्या कुळाच्या रकान्यात वारस चढवायला वेगळा अर्ज आजच द्या. ते सोडून देऊ नका. कुळाचा हक्क वारसाकडे येतो, पण तीन पिढ्या नाव न चढवलेलं शेत सिद्ध करायला पुढे तुमच्या मुलाला किती त्रास होईल हे मी बघितलं आहे. कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला असं आपण अभिमानाने सांगतो. पण सनद घ्यायला ज्यांचे आजोबा मामलेदाराकडे गेले नाहीत त्यांची नातवंडं अजून त्या रकान्यातच आहेत.

---

सत्तरीची_काजूवाली

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही. तुमच्याकडे निदान आजोबांचं नाव तरी उताऱ्यावर आहे. आमच्याकडे मोकाशाची, म्हणजे जुन्या जमीनदाराला इनाम मिळालेली जमीन. आमच्या आजेसासऱ्यांनी लावलेले काजू अजून बोंड देतात आणि उताऱ्यावर आमच्या घरातल्या कोणाचंच नाव नाही. काजू वेचतो आम्ही, बिया विकतो आम्ही.

मी एकच सांगेन. काहीही विकलं, एक किलो का असेना, बिल तुमच्या किंवा सासूबाईंच्या नावाने करून घ्या आणि जपून ठेवा. खताची पावती, टिलरच्या भाड्याची पावती, सगळं. मी दहा वर्षांची बिलं एका फाईलीत ठेवली आहेत. तलाठी चौकशीला आले तेव्हा शेजाऱ्यांच्या तोंडी साक्षीपेक्षा ती फाईल कामाला आली.

---

शेतकरीण_डिचोली

बरेच महिने झाले, काय झालं ते कळवते. नंतर कोणी हेच शोधत आलं तर त्यांना उपयोग होईल.

२,००० परत केले. नवरा आधी नाराज होता, पण बसून त्यानेच ते ऑनलाइन भरले. परताव्याची पावती छापून सासऱ्यांच्या कागदांत ठेवली. त्यानंतर त्यांच्या फोनवर पीएम किसानचा मेसेज आला नाही.

अडकलेलं बिल मिळालं. अर्ज, पोच, दोन वेळा खेपा, एकदा चुकीच्या प्रतीमुळे परत. पण मिळालं. त्यातून सासूबाईंनी आधी दुकानाची उधारी फेडली.

वारसा दस्ताच्या दिवशी दोन्ही नणंदा आल्या. बेळगावची रात्रीच्या बसने आली. मला भीती होती, वाटा मागतील म्हणून नाही, तर कोणी रुसेल म्हणून. उपनिबंधकांच्या बाहेर बाकावर बसल्यावर धाकटी म्हणाली, ‘वहिनी, माझं नाव कागदावर राहू दे, पण शेत तुम्ही आणि आईच करा.’ संमतीपत्रावर तिने तिथेच सही केली.

तलाठी शेतावर आले तो दिवस मला आठवत राहील. सरदात भात पोटरीला आलं होतं. त्यांनी विचारलं, कसतं कोण? मी सासूबाईंकडे बघितलं. त्या चिखलातून वर आल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, ‘मी आणि ही.’ त्यांनी दोन्ही नावं लिहून घेतली. बिलं, पावत्या, मिलचं जुनं कार्ड सगळं दाखवलं. काजूवाल्या ताई, तुमच्या सांगण्यावरून मी जूनमधल्या बियाण्याची पावती कचऱ्यातून शोधून काढून ठेवली होती.

कृषी कार्ड सासूबाईंच्या नावाने झालं. पीएम किसानचा अर्ज म्युटेशन झाल्यावरच भरला. ई-केवायसीला अडचण आली. सेवा केंद्रात यंत्रावर त्यांचा अंगठा लागेना. पाच-सहा वेळा पुसून लावला, दुसरी बोटं लावली, काही उमटेना. केंद्रातला मुलगा म्हणाला, शेतात काम करणाऱ्या बायकांचं असंच होतं, रेषा झिजतात. शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून होतं ते अ‍ॅप वापरलं, त्यात झालं. ज्यांच्या घरात असं कोणी असेल त्यांनी केंद्रात रांग लावण्याआधी ते करून बघावं. पेडण्याच्या भावा, तुझ्या सांगण्यावरून बँक जोडणी आधी तपासली, ती बरोबर निघाली, तरी शाखेत जाऊन लेखी घेतलं. अजून हप्ता आलेला नाही, पडताळणी चालू आहे असं दाखवतं.

सरदाच्या उताऱ्यावर आता सासूबाई, नवरा आणि नणंदा, सगळ्यांची नावं चढली. चौदाच्या भागात या वर्षाची ओळ भरली गेली आहे. खरीप, भात, आणि लागवड करणारी म्हणून सासूबाई. मी तिची प्रत काढून देवघराच्या खणात ठेवली आहे. माझं नाव पुढच्या हंगामात लागेल असं तलाठी म्हणाले, मी आठवण करून देणार आहे.

वायंगणाचं मात्र अडलं आहे. कुळाच्या रकान्यात वारस चढवण्याची नोटीस भाटकाराच्या उताऱ्यावरच्या पत्त्यावर, मुंबईला गेली आणि ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आली. त्यांचे वारस कोण, कुठे, गावात कोणालाच नक्की माहीत नाही. अशा वेळी वर्तमानपत्रात नोटीस द्यायला मामलेदारांकडे आपण अर्ज करायचा, की ते स्वतः करतात? खर्च कोणाचा? फोंड्याचे काका किंवा आणखी कोणी यातून गेलं असेल तर लिहा. ओहोळाला अजून पाणी आहे, आम्ही परवा तिथे रोव टाकला.